हेडफोन काढल्यावर

ताईची नजर गेली, त्या वर्षी धाकट्या भावाने तिच्यासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला. त्याच्या भरवशावर ती वकिलांच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली. आलेली पत्रं ऐकायची आणि उत्तरं टाइप करायची. पण महिन्याभरातच तिचे फोन सुरू झाले, की प्रोग्राम मध्येच मुका होतो. धाकटा कामाच्या रगाड्यात दरवेळी एकच सांगायचा, तुझाच हात कुठेतरी लागला असेल, बंद करून परत चालू कर. ती तसं करायची आणि चूक आपलीच धरायची.

शेवटी एका दुपारी तो तिच्या शेजारी जाऊन बसला. ताई हेडफोन लावून झरझर टाइप करत होती. तेवढ्यात वकीलसाहेब एका पत्राबद्दल विचारायला आले. त्यांनाही ऐकू यावं म्हणून तिने हेडफोनची पिन उपसली. स्पीकरमधून चकार शब्द नाही. तिने आवाज वाढवून पाहिला, कळा दाबून पाहिल्या. "राहू दे, मीच वाचतो," म्हणत साहेब पडद्याकडे वाकले. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गेल्यावर त्याने गाणं लावून पाहिलं. ते स्पीकरवर खणखणीत वाजलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताई, तुझा हात लागलाच नव्हता. माझा प्रोग्राम सुरू होताना एकदाच विचारतो, आवाज कुठे सोडू? तेव्हा हेडफोन असला की तोच धरून बसतो. पिन काढली की कॉम्प्युटर सगळ्या प्रोग्रामना सांगतो, आता स्पीकरकडे चला. ते ऐकायची सोय मी केलीच नाही. तो बोलतच राहतो, पण काढून ठेवलेल्या हेडफोनशी."

ताईने हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "तीन महिने रोज घरी जाऊन मी कळांच्या जागा पाठ करत होते रे."

त्याने तिचा हात नुसता धरून ठेवला.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. आधी पिन काढल्यावर आवाज स्पीकरवर यायचा, पण पत्र पहिल्यापासून सुरू व्हायचं. जिथे थांबलं तिथूनच पुढे वाचायला हवं, हे ताईने बजावलं. तेही जमलं. मग तिने आपण होऊन साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पिन काढली. क्षणभर थांबून वाचन स्पीकरवर सुरू झालं. साहेबांनी अख्खं पत्र उभ्याने ऐकलं. त्यातली एक तारीख चुकलेली होती, ती ताईनेच पकडली.