जावईबापूंचा पाला

घड्याळजी गेले आणि त्यांच्या मागे बायकोकडे एक कासव राहिलं. त्याचं नाव जावईबापू. म्हणजे काय, ताट समोर आल्याशिवाय हलायचं नाही आणि कुणी जरा काही बोललं की मान आत! नाव घड्याळजींनीच ठेवलेलं, आणि त्यावर खुदुखुदु हसायचेही तेच.

बाई घरीच शिवणकाम करायच्या. आता मशीन चालवता चालवता त्यांनी कासवाचे लाड मांडले. दुधात कुस्करलेला पाव, पिकलं केळं, बिस्किटाचा चुरा. पोरकं झालेलं जनावर, त्याला काय गवत-पाला घालायचा? पण हळूहळू जावईबापूंनी मशीनखालच्या चिंध्यांत जे तोंड खुपसलं ते बाहेर काढेचनात. पावाकडेही बघेनात. ह्यांच्या मागे घरात एवढीच काय ती जिवंत खूण, तीही गेली तर? त्यांनी कासव पिशवीत घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कासव उलटंपालटं करून पाहिलं, कवचाची कड बोटाने दाबली. "ही नवी कड मऊ पडलीये. दूध-पाव बंद. ह्याला पाला हवा, कडू असला तर उत्तमच, आणि भरपूर ऊन. आधीचं कवच बघा, कसं टणक आहे. कुणीतरी ह्याला वर्षानुवर्षं रोज ताजा पाला घातलाय."

"छे हो," बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पाला फक्त ह्यांना असायचा. साखर होती ना त्यांना. रोज दुपारी वाटीभर कच्चा पाला मी स्वतः निवडून..."

आणि बाईंची नजर समोरच्या कासवाच्या टणक कवचावर गेली.

घड्याळजी जेवायला गॅलरीत बसायचे. उन्हात अन्न गोड लागतं म्हणे. मशीनवरून बाई ओरडायच्या, "वाटीत पान राहता कामा नये, सांगून ठेवते!" बाहेरून उत्तर यायचं, "संपला गं. झकास होता." वाटी खरंच पुसल्यासारखी लख्ख. तरी मेली साखर उतरायची नाही. ते गेल्यापासून बाईंच्या मनाला एकच टोचणी होती, की एवढं करूनही आपलाच हात कुठेतरी कमी पडला.

"लबाड म्हातारा," परतताना त्या पिशवीकडे बघून म्हणाल्या. "आणि तू त्याला सामील." खाल्ला असता तर चार दिवस जास्त राहिला नसता का? राग इतका आला की डोळे भरून आले, रस्ता दिसेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाला आणला, धुतला, बशीत घालून गॅलरीत ठेवला. जावईबापूंनी ढुंकून पाहिलं नाही. पानं नाकाशी धरली, तर मान आणखी आत. शेवटी बाई थकून घड्याळजींच्या खुर्चीत बसल्या. बशीतला पाला वाटीत घेऊन वाटी मांडीवर ठेवली, आणि सगळा राग त्या जुन्याच वाक्यात बाहेर पडला.

"वाटीत पान राहता कामा नये, सांगून ठेवते!"

कवचातून डोकं बाहेर आलं. मग पाय. जावईबापू खुरडत खुरडत खुर्चीच्या पायाशी आले आणि मान ताणून वर बघत थांबले. बाईंनी एक पान खाली सोडलं. कचकन तुटलं. दुसरं सोडलं, तेही गेलं. म्हणजे इतकी वर्षं त्या जेवायला बोलवत होत्या ते ह्याला! बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला.

शेवटचं पान त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकलं. जन्मात कधी चाखलं नव्हतं. कडूजहर! असलं काहीतरी रोज समोर ठेवलं, आणि हा माणूस एकदाही नाही म्हणाला नाही. म्हणे झकास.

बाईंनी ते पान कसंबसं गिळलं. आत मशीनपाशी कुणीच नव्हतं. तरी तिकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "संपला हो. झकास होता."