उजव्या पायाची चप्पल

"टेकचंदभाऊ, सुटलात तुम्ही. या आता बाहेर."

वकील मनालीताईंनी दोनदा सांगितलं, तरी टेकचंद कठडा धरून उभाच. जज्जसाहेबांनी भराभर निकाल वाचला होता. त्यातलं एकच वाक्य त्याच्या डोक्यात अडकलं होतं. ज्या हालचालीवर माणसाची इच्छा चालत नाही, ती त्याच्या शरीराकडून झाली तरी कायद्याच्या दृष्टीने त्याचं कृत्य नव्हे.

"म्हंजे मी केलंच नाही, ताई?"

"तुमच्या अंगानं केलं, तुम्ही नाही केलं. मिरगीत माणसाचं मन कुठं जागेवर असतं? जा, घरी जाऊन पेढे वाटा."

आता माणसानं खूश व्हावं की नाही? दोन वर्षं दिघोरीहून लाखांदूरला एसटीनं खेटे घालून चपला झिजल्या होत्या. पण टेकचंदला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

दोन वर्षांमागे, रोवणीच्या दिवसांत, तो ट्रॅक्टरनं चिखलणी करत होता. शेजारच्या बांधीत बाया वाकून धान रोवत होत्या. एकाएकी ट्रॅक्टर मधल्या धुऱ्याचा बांध ओलांडून त्यांच्यात शिरला. बाकीच्या पळाल्या. बायजाबाईचा उजवा पाय चिखलात रुतला होता, तो चिखलणीच्या लोखंडी चाकाखाली गेला. घोट्याच्या वर कापावा लागला. टेकचंद सीटवर लाकडासारखा ताठ, तोंडाला फेस.

आणि त्याला सोडवलं कुणी? बायजाबाईनंच! कुबडी टेकत साक्षीला उभी राहिली अन् म्हणाली, "साहेब, त्याचे डोये पांढरे झाले होते. टॅक्टरवर त्याचं आंग होतं, तो नव्हता. खोटं कायले बोलू? माहा पाय गेला म्हणून त्याले फासावर देऊ?"

बाहेर कडुनिंबाखाली ती वाटच पाहत होती. काखेत कुबडी, हातात पिशवी.

"झालं न मोकळं? मले वाटलंच होतं. धर हे पिशवी. नवी चप्पल घेतली. दुकानदाराले म्हटलं, डाव्या पायाची एकच दे, तर हासला मेला. घरी उजव्या पायाच्या नव्याकोऱ्या दोन पडल्या आहेत, आता हे तिसरी."

ती हसली. टेकचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एसटीत ती खिडकीशी बसली, तो शेजारी. गाडी निघाली. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, त्यांत वाकलेल्या बाया. त्याच्यानं तिकडं पाहवेना. पिशवी मांडीवर घट्ट धरून तो एकदम बोलून गेला.

"काकी, मले पयलेच समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"मिरगी येऊन राहिली ते. यायच्या आंधी मले केस जळल्याचा वास येते. त्या दिशी बी आला. कोर्टात मी वास नाही आला म्हटलं. याच्या आंधी कधी आली नव्हती म्हटलं, थे बी खोटं. वीस वर्सापासून चोरून गोया खाऊन राहिलो. वास आला का मशीन बंद करून खाली बसजो, असं डाक्टरनं बजावलं होतं."

बायजाबाईनं मान वळवली. "वास आल्यावर किती येळ गेला?"

"बांधीचा एक फेरा."

"पुरा?"

"पुरा."

त्या एका फेऱ्यात मिरगी नव्हती. स्टेअरिंगवरचे हात त्याचे होते, मनही त्याचंच होतं. साहेबांच्या कागदात हा फेरा कुठंच नव्हता.

"मग उतरला काहून नाही रे?"

टेकचंदला एक जुनं लग्न आठवलं. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एकोडीला, सासुरवाडीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत त्याला मिरगी आली. शुद्धीवर आला तर कुणाचा तरी शेणानं भरलेला जोडा नाकाशी लावलेला, आणि भोवती सारा मांडव. मिरगी आली की जोडा हुंगवायचा, ही रीतच. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण पुढं कितीतरी वर्षं तो सासरी गेला की मेव्हण्या जोडा दाखवून खिदळायच्या. बायको धुरपता तोंडाला पदर लावून रडायची. दिघोरीत मात्र कुणाला कळू दिलं नाही.

"तुम्ही बाया होत्या न समोर," तो म्हणाला. "उतरून पडलो असतो तं तुम्ही जोडा हुंगवला असता. मले लाज वाटली वो, काकी. म्हटलं, हा फेरा निंघून जाईन."

"जोड्याची लाज," बायजाबाई एवढंच म्हणाली. मग तिनं खिडकीबाहेर तोंड केलं ते दिघोरीपर्यंत वळवलं नाही.

थांबा आला. दरवेळी टेकचंद आधी उतरून हात द्यायचा आणि ती त्याच्या हातावर भार टाकून उतरायची. आजही त्यानं हात पुढं केला. तिनं कुबडी खाली टाकली, पायरीवर बसली आणि घसरत घसरत एकटी उतरली. कंडक्टर खेकसला, "बाई, लवकर!" तिनं लक्ष दिलं नाही. लुगडं झटकलं, कुबडी काखेत घेतली अन् पिशवीसाठी हात केला.

नवी डावी चप्पल तिनं पायात घातली. उजवी हातात धरून क्षणभर पाहिली. मग ती टेकचंदपुढं धरली.

"घे."

"काकी..."

"घे म्हणतो न! जवळ ठेवजो. आता वास आला का खाली बसजो अन् जो भेटेल त्याच्या हातात देजो." तिनं चप्पल त्याच्या हातात कोंबली. "अन् उद्या बांधीवर येजो. ज्या बायांची तुले लाज वाटली, त्याईच्या समोर सांगजो. मी नाही सांगत."

ती एकेक पाऊल टाकत गावाच्या वाटेला लागली. एसटी निघून गेली. टेकचंद थांब्यावर उभा होता. पारावरची माणसं त्याला हाक मारून विचारत होती, "काय रे, काय लागला निकाल?"

त्यानं चप्पल शर्टाखाली लपवायला हात नेला. मग तसाच थांबला, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून पाराकडे चालू लागला.