डाव्या किकचा बैल

माझ्या बाबांना कोणी मूर्ख म्हटलं तर मी भांडते. मी म्हटलेलं चालतं. पोळ्याच्या दिवशी मी ते इतक्यांदा म्हटलं की शेवटी आई, म्हणजे बेबीताई, पुरण वाटता वाटता माझी री ओढायला लागली.

मी हर्षा. अकोल्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे. सणाला माहेरी, नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावी, सकाळच्या एसटीनं उतरले ती पुरणपोळीच्या आशेनं. दारात बाबा उभे. चहा घे नाही, कशी आहेस नाही.

"गाडी चालू नाई होऊन राहिली व," ते म्हणाले. घरात कोणी तापानं फणफणलं असावं असा चेहरा.

गाडी म्हणजे एक जुनी इटालियन मोटरसायकल. अमरावतीच्या एका हौशी इंजिनियरनं ती जपून ठेवली होती. त्याच्या बंगल्यावर बाबा फुलं पोचवायचे. म्हातारपणी त्याला किक मारवेना, तेव्हा त्यानं ती बाबांच्या गळ्यात मारली. तिचं सगळंच उलटं. किक डाव्या बाजूला, गिअर उजव्या पायात. शहाण्या माणसाला ती चालवता येत नाही, बाबांना लगेच आली. कापूस सोडून आम्ही झेंडू-शेवंती लावायला लागलो तेव्हापासून रोज पहाटे अमरावतीच्या बाजारात फुलं हीच नेते. बैलजोडी गेल्या वर्षी मामाकडे गेली.

आणि खरी गोम तिथंच होती. गावच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी जाते ती आमच्या घरची, पार पणजोबांपासून. यंदा जोडीच नाही. शेजारच्या नत्थुजींनी नवाकोरा ट्रॅक्टर घेतलेला, त्यांनी बैठकीत विषय काढला की मान आता आम्हाला द्या. गावात निम्म्या घरी बैल उरलेले नाहीत. पोळ्यात शेवटचा शब्द शेषराव आजाचा. त्यांनी निकाल दिला, "ज्याच्यावर ज्याचं घर चालते ते त्यानं आणावं. पयला मान उत्तमरावचाच. पण चालतं आणजा. बंद पडलेलं आणलं त मान नत्थुजीचा, अन् मंग तो त्याच्याच घरी राहीन."

उत्तमराव म्हणजे माझे बाबा. त्यांनी आठवडाभर गाडी धुतली, आरशांना शिंगांसारखा बेगड लावला, हेडलाइटवर बाशिंग बांधलं. आणि आज ती ढिम्म.

मी साडीचा पदर खोचला आणि बसले. आधी बॅटरी. भोंगा वाजवला तर गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या, म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्यूज पाहिला, बंद करायचं बटण पाहिलं, टाकीखालच्या वायरी एकेक ओढून पाहिल्या. मग पेट्रोल. कार्बोरेटर खोलला तर तळाशी झेंडूची पाकळी!

"सापडलं!" मी ओरडले. आई हात न धुताच बाहेर आली. पाकळी काढली, सगळं बसवलं, डाव्या पायानं किक मारली. काही नाही. दुसरी मारली तर किकच सटकली आणि माझ्या पोटरीवर आदळली. मी इटलीच्या सगळ्या आयाबहिणींचा उद्धार केला. किकचा नट आवळून पुन्हा बसले.

कुंपणावरून नत्थुजी पाहतच होते. नवं धोतर, कपाळाला गुलाल, हातात मोबाइल. आमच्या गाडीचा फोटो त्यांनी केव्हाच स्टेटसला टाकला होता.

"काय व हर्षा, सापडली काय नस? इटलीचा बैल हाय तो. त्याले पुरणपोळी नाई चालत, पिझ्झा चारा!"

"तुमचा ट्रॅक्टर काय खाते काका? तुमचं डोकं?" मी म्हटलं. मोठ्या माणसाशी असं बोलू नये. पण मोठ्या माणसानं कुंपणावरूनही डोकावू नये.

एरवी नत्थुजींना दोन ऐकवल्याशिवाय बाबांना घास गोड लागत नाही. आज ते नुसते गाडीभोवती फिरत होते, मधेच सीटवरून हात फिरवत होते. तेव्हा मात्र मला त्यांचं वाईट वाटलं. मान म्हणजे काय, तर तोरणाखालून दहा पावलं आधी जायचं. पण त्या दहा पावलांसाठी हा माणूस वर्षभर गावात ताठ चालतो.

प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी नाही. म्हणजे दुखणं विजेचं, हे नक्की. प्लगला वीज पुरवणारी कॉइल तपासली, तीही बरी. ऊन उतरायला लागलं. पलीकडे नत्थुजींनी ट्रॅक्टर चालू केला आणि मुद्दाम आमच्या दारावरून नेला.

"काल संध्याकाळी त चांगली भडभड करत होती," आई म्हणाली. "खांदशेकणी झाली अन् आवाज बसला तिचा."

माझा हात थांबला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात. वर्षभर जू वाहून ते दुखलेले असतात. मग त्याच्या कानात आवतन देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

"कोणाची खांदशेकणी?" मी विचारलं.

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं.

इंजिनाच्या बाजूला एक गोल झाकण असतं. त्याच्या आत दोन इवलेसे पॉइंट एकमेकांना लागतात आणि सुटतात, तेव्हाच ठिणगी पडते. मी झाकण काढलं. आत पिवळंधमक लोणी. हळदीचा घमघमाट सुटला, नुसती फोडणी घालायची बाकी होती.

"बाबा!"

"तूच त म्हणली होती उन्हाळ्यात," बाबा पुटपुटले. "का 'बाबा, गाडीचा सारा भार या दोन पॉइंटवर असते.' बैलाचा भार खांद्यावर असते. मंग म्या खांदा समजून लावलं."

"खांद्याले लोणी लावलं की वीज जाते काय त्यातून?"

"घरचं होतं व. बजारातलं नाई."

मला हसू की रडू कळेना, म्हणून मी आधी ओरडून घेतलं. मग पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, बारीक पॉलिशपेपरनं पॉइंट घासले. दोघांमधली फट मापायला जाडसर कागद हवा होता. नत्थुजींच्या मुलाची लग्नपत्रिका देव्हाऱ्यामागे होती, तिचा तुकडा बरोबर बसला. किक मारली. पहिल्या झटक्यात गाडी अशी गरजली की आईच्या हातातलं ताट पडलं. बाबांनी डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाले.

तोरणापाशी सगळा गाव जमला होता. बैल ओळीत, झुली, घुंगरं. सगळ्यांच्या पुढे नत्थुजी, ट्रॅक्टरवर हार घालून बसलेले. आमच्या गाडीचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी ट्रॅक्टर हलवला नाही.

बाबा तोरणाच्या अलीकडे थांबले आणि त्यांनी गाडी बंद केली. मी कपाळावर हात मारला. ते खाली उतरले, चपला काढल्या, वेसण धरावी तसं हँडल धरलं आणि गाडीच्या बाजूनं पायी चालायला लागले.

"बंद हाय! बंद हाय!" नत्थुजी ओरडले. "ढकलत आणली!"

"चालत आली ते साऱ्यायनं पायलं," बाबा म्हणाले. "पण पोळ्याच्या दिवशी जनावरावर बसत असते काय कोणी नत्थुजी? आज त्याच्या मानेवर जू नाई, पाठीवर भार नाई. मी पायी नेतो. तुमी बी उतरा."

शेषराव आजा काठीवर हनुवटी टेकवून ट्रॅक्टरकडे पाहत राहिले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "उतर नत्थ्या. पायी ने."

नत्थुजी उतरले. ट्रॅक्टरला एक फेरी मारली. ढकलायला चार जण आले, पण एकाला तरी वर स्टिअरिंगवर बसावंच लागणार होतं. कोण बसणार? पोरं खिदळायला लागली. शेवटी नत्थुजी मान खाली घालून वर चढले आणि ट्रॅक्टर मागे घेतला. बाबा तोरणाखालून गेले, दहा पावलं, एकही घाईचं नाही.

घरी येताना मी त्यांना गाठलं. माझा राग मावळायचं नाव घेईना.

"म्हंजे ढकलतच न्यायची होती! मंग सकाळपासून मले काहून मेहनत करायले लावली? उपाशीपोटी पोटरी फोडून घेतली म्या!"

बाबा थांबले. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मलाच काही कळत नाही.

"आजारी जनावर तोरणाखाली नेते काय व कोणी?"