भैणजींचा पायी नवस

पायथ्याच्या घांघरियाहून निघून तास झाला नव्हता, तोवर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी चार ठिकाणी बूड टेकलं. नाव नसीब कौर. मी त्यांना भैणजी म्हणते. मी खेचरावर होते. गेल्या थंडीत माझं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते निमित्त मला कुठंही उपयोगी पडतं.

“बसा की खेचरावर,” मी वरून म्हणाले. “सत्तरीला आलात. गुरुमहाराज काय तुमचे गुडघे तपासणार आहेत?”

“तूच बस. तुझ्या वजनानं त्या मुक्या जिवाला आजच मुक्ती मिळेल.”

तीस वर्षं आमचं हे असंच. भाजीतल्या लसणावरून सुरू होतं आणि माझ्या माहेरावर येऊन थांबतं.

यंदा त्यांनी हट्टच धरला. हेमकुंडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत पायी चढणार आणि दुपारच्या शेवटच्या अरदासला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, हात जोडून उभी राहणार, तरच नवस फिटेल. नवस कशाचा, ते सांगेनात. नातवाच्या कॅनडाच्या व्हिसाचा असणार, हे मी मोग्याला घरीच ताडलं होतं.

धुकं उतरलं आणि माझं खेचर पुढं निघून गेलं. वर गुरुद्वाऱ्याजवळच्या तळ्यात पाच डुबक्या मारायच्या ठरवून मी एकच मारली, अन् चहाचा पेला घेऊन वाटेकडं डोळे लावून बसले. शेवटच्या अरदासची वेळ झाली तरी भैणजींचा पत्ता नाही. एवढं चालून म्हातारी दारात हुकली तर? व्हिसा गेला चुलीत, पण तिचं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं. चहा तसाच टाकून मी पायऱ्या उतरत सुटले.

शंभरेक पायऱ्या खाली त्या धापा टाकत बसल्या होत्या.

“उठा! माझ्या खांद्यावर हात टाका.”

“नको, नवस मोडेल.”

“मी काय खेचर आहे?”

“आज नाहीस,” म्हणाल्या आणि उठल्या.

आत शिरलो तेव्हा जमलेली संगत अरदासला उभी राहत होती. भैणजी अरदास म्हणणाऱ्या भाईजींच्या कानात काहीतरी बोलल्या. बाकीच्यांच्या विनवण्या झाल्या, मग भाईजींचा आवाज आला, “बीबी नसीब कौर यांची धाकटी जाऊ शिंदर कौर ऑपरेशनमधून सुखरूप घरी आली. बीबी पायी चढून आल्या आहेत. त्यांचे आभार मान्य व्हावेत.”

शिंदर कौर म्हणजे मी. डोळे मिटलेलेच होते ते बरं झालं. मी घळाघळा रडले.

लंगरात खिचडी खाताना विचारलं, “मला सांगायचं तरी!”

“कशाला? डोक्यावर बसली असतीस. खा गुमान. अन् पुन्हा आजारी पडलीस तर मी चढणार नाही, आधीच सांगते.”

नवस चढण्याचाच होता. म्हणून उतरताना त्यांना खेचरावर बसवलं आणि लगाम मी धरला.

“जरा नीट चाल गं,” वरून आवाज आला. “मागचं खेचर तुझ्यापेक्षा बरं चालतंय.”

मला तोडीस तोड उत्तर सुचलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते गिळलं.