डाव्या खांद्यावर

लेम्पी कांगासच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ आर्वो म्हणाला, "ताई, आता बंदूक खुंटीला टांग. तुझं मचाण मी माझ्या जावयाला दिलंय."

"मला न विचारता?"

"नेम कुठल्या डोळ्यानं धरणार तू?"

"उरलेल्या."

आर्वो खो खो हसला.

पानगळ सुरू होताच ती छोटी बंदूक घेऊन घरामागच्या दलदलीत शिरली. आयुष्यभर उजव्या खांद्याला सरावलेली बंदूक डावीकडे धरताना दुसऱ्याचा बूट घातल्यासारखं वाटे. नवं काडतूस चढवायची खिट्टी उजवीकडे, म्हणून प्रत्येक बारानंतर हात वरून न्यावा लागे. पहिले ससे हसत निघून गेले. पण ससा कसा उठवायचा हे ती विसरली नव्हती: थोडं चालायचं आणि बराच वेळ गप्प उभं राहायचं. ती शांतता सशाला सोसत नाही, तो हलतोच. हळूहळू ससे पडू लागले. एक सोलून तिनं आर्वोकडे धाडला, "जावयाला घाल," असा निरोप देऊन.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला त्या दिवशी फटफटायच्या आत ती मचाणावर चढून बसली होती. खाली जावई आला, वर नारिंगी टोपी पाहून थबकला.

"बाळा, दुसरं झाड बघ," ती म्हणाली. तो मागे वळला.

सुपीरियर सरोवरावरचा वारा तोंडावर येत होता. त्याच बाजूनं, तिचा वास न लागता, शिंगाळा नर आला. तो आडवा वळेपर्यंत ती थांबली आणि पुढच्या पायामागे नेम धरून तिनं बार काढला. नर उसळला नि झाडोऱ्यात घुसला.

आवाज ऐकून आर्वो धावत आला. "हुकलीस ना! चल, निदान शोधू तरी."

"खाली बस. आत्ता मागे लागलास तर तो मैलभर पळेल." तिनं थर्मासमधली कॉफी ओतली, स्वतःपुरती.

मग ती उतरली. नेच्यावर फेसाळ गुलाबी रक्त होतं. "गोळी फुप्फुसात लागलीय," ती म्हणाली. माग तुडवला जाऊ नये म्हणून ती कडेकडेनं चालत राहिली. ओढ्यापलीकडे नर निपचित पडला होता. आतडं फुटू नये म्हणून सुरीचं पातं वर करून तिनं स्वतःच पोट चिरलं.

आर्वो म्हणाला, "ताई, मचाण तुझंच राहू दे."

"राहू दे म्हणणारा तू कोण? ते माझंच होतं."

त्यानं दोर शिंगांना बांधला आणि नर ओढू लागला. चढावर लेम्पीला धाप लागली.

"बंदूक तरी दे इकडे."

"हात लावू नकोस," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.