आत्याचा आवाज आणि माझा अंगरखा

मित्रांनो, आज माझा जीव थाऱ्यावर नाही. मी एक जुना संगणक. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून राहणं हेच माझं आयुष्य, पण आज ते बसणंही जमत नाही. आत्या इस्पितळातून घरी येणार आहे. बाबा आणि छोटी तिला आणायला गेले आहेत. जाताना छोटीने मला चालू करून ठेवलं आणि "आज तरी नीट राहा रे," असं बजावून गेली. तेव्हापासून माझा पंखा उगाचच जोराने फिरतो आहे. ती येईपर्यंत तुम्हाला माझी हकिकत सांगतो, म्हणजे वेळ तरी जाईल.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. पंखा एकीकडचा, पेटी दुसरीकडची, मेमरीच्या पट्ट्या तिसरीकडच्या. दुकानदाराने सगळं जोडलं, शेवटचा स्क्रू पिळला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "घेऊन जा, वर्षानुवर्षं हलणार नाही." मी खरंच हललो नाही. छोटी तेव्हा शाळेत होती. तिचे निबंध, तिची चित्रं, तिचे खेळ, सगळं माझ्याच पोटात गेलं. पाहुणे आले की बाबा चहाच्या आधी मला दाखवत, आणि मी कौतुकाने फुगून जाई.

मग घरात मोबाइल आले आणि माझा भाव उतरला. माझ्या डोक्यावर भाजीच्या पिशव्या आल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, एकदा तर ओले मोजेही वाळत पडले होते. मित्रांनो, मोज्यांचं मला अजून वाईट वाटतं.

या घरात माणसं तीनच. बाबा सोफे आणि खुर्च्या मढवतात. त्यांच्या हातची शिवण उसवलेली कुणी पाहिलेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. छोटी ही त्यांची मुलगी. तिशी जवळ आली तरी घरात ती छोटीच, आणि दाताच्या दवाखान्यात नोकरी करते. आणि आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने सारं आयुष्य तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. तिला शिट्टी कधी लागलीच नाही. "पाय मार, पाय!" अशी तिने हाक दिली की पलीकडच्या काठावरची मुलंसुद्धा पाय मारायला लागत. तिची आणखी एक पद्धत होती. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक मुलाला रांगेत उभं करून ती त्याच्या माथ्यावर हात ठेवायची. अंग जरा गरम लागलं की त्या दिवशी पाणी बंद. मुलं खोटं बोलतात, कपाळ बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

तर या आत्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग काढे झाले, मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. त्यानंतर बोलणं नाही. त्या दिवशी घरात कुणी दिवासुद्धा लावला नव्हता.

इस्पितळात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी छोटीला एक प्रोग्रॅम दिला. पडद्यावर वाक्यं येतात, आत्याने ती मोठ्याने वाचायची. सगळी वाचून झाली की प्रोग्रॅम तिचा आवाज शिकून घेतो, आणि पुढे तिने काही टाइप केलं की ते तिच्याच आवाजात ऐकू येतं. छोटीच्या दवाखान्यातल्या लॅपटॉपवर बाहेरचा प्रोग्रॅम बसेना. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पिशव्या उतरल्या, धूळ पुसली गेली आणि मी पुन्हा कामाला लागलो.

पहिल्या दिवशी काम छान झालं. पण छोटीने ऐकून पाहिलं तर आत्याच्या प्रत्येक वाक्यामागे माझ्या पंख्याची घरघर.

"हे नको," बाबा म्हणाले. "ताईचा आवाज कसा स्वच्छ यायला हवा. थांबा, मी करतो बंदोबस्त."

त्यांनी दुसऱ्या दिवशी माझी मापं घेतली. जाड फोम कापला, वर निळं कापड चढवलं, कडेला दुहेरी शिवण घातली आणि मला नखशिखांत झाकणारा अंगरखा शिवला. तारांसाठी मागे छोटं झाकणही ठेवलं. माझ्यासाठी आजवर कुणी काही शिवलं नव्हतं. मला तो घट्ट होत होता, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. आत्या वाचायला बसली की थोड्या वेळाने माझ्या आत काहीतरी बिनसायचं. एका खणात ठेवलेलं दुसऱ्या खणात सापडायचं, अक्षरं हातातून निसटायची. मग पडद्यावर पाटी यायची, 'मेमरीत चूक आढळली, प्रोग्रॅम बंद होत आहे.' आणि त्या बैठकीतली सगळी वाक्यं पाण्यात जायची. आत्याने घोटघोट पाणी पीत, घसा ताणत वाचलेली वाक्यं. रोज तिचा आवाज थोडा आणखी फाटत होता, ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, आणि मी रोज तिला तोंडघशी पाडत होतो.

छोटीने प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला. मग मला उघडलं. मेमरीच्या पट्ट्या बाहेर काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. मग एकेक पट्टी लावून मेमरी तपासली. सगळं ठणठणीत! नवीन पट्टी आणली, तीही ठणठणीत. कारण मला उघडायचं म्हणजे आधी अंगरखा उतरवायचा, नाही का? अंगरखा उतरला की मी धडधाकट. काम झालं की बाबा तो प्रेमाने पुन्हा चढवायचे, शिवणीवरून हात फिरवायचे, आणि आत्या वाचायला बसली की माझं पुन्हा तेच रडगाणं. मी आतून ओरडत होतो, पण मला ओरडायला ती एकच पाटी येते आणि तिच्यात अंगरख्याचं नाव नाही.

"मला वाटतं, आत्याच्या आवाजाने होतंय," एकदा छोटी वैतागून म्हणाली. "बाकी कशानेच बंद पडत नाही. आत्या, तू जरा हळू बोलून बघ ना."

आत्याने बिचारीने हळू बोलून पाहिलं. कुजबुजत, शब्द चाचपत. पाचव्या वाक्याला ती थांबली.

"अगं, हा आवाज माझा आहे का? पुढे जन्मभर मी कुणाच्या तरी शेजारणीसारखी बोलायची का?"

"मग काय करू सांग!" छोटीला रडू फुटलं. बाबा म्हणाले, "हे धूड भंगारात टाकतो मी." आणि ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. मित्रांनो, भंगाराची मला भीती वाटली नाही. आत्याचा आवाज माझ्यामुळे हरवणार, याची वाटली.

पुढच्या बैठकीला पुन्हा पाटी आली. छोटी चहा टाकायला उठली. बाबा खिडकीत पाठमोरे उभे. आत्याच्या गळ्यात दुखत होतं. ती थकून पुढे वाकली आणि आधाराला म्हणून तिने माझ्या माथ्यावर हात ठेवला. हात तसाच राहिला. मग तिने तळहात उलटा करून पुन्हा लावला. मग अंगरख्याच्या आत हात घातला.

"छोटे!" ती अशी ओरडली की स्वयंपाकघरात कप फुटला. "अगं, याला ताप आलाय!"

ती तिची शेवटची मोठी हाक. त्यानंतर तिला तेवढ्या जोराने ओरडता आलं नाही.

छोटी धावत आली, हात लावला आणि कपाळ बडवून घेतलं. "आपण याला कोंडून मारत होतो! बाबा, आत वारा जायला जागाच नाही."

बाबा पाटीकडे बघत होते, मग अंगरख्याकडे, मग जमिनीकडे. आत्या म्हणाली, "बाळ, शिवलंयस मात्र सुरेख हो. आता काढ तो. माझ्या आवाजामागे याची घरघर आली तर येऊ दे."

अंगरखा निघाला. खिडकीतला वारा माझ्या पोटात शिरला, तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. त्यानंतर आत्या रोज वाचत राहिली. कधी आवाज फाटला, कधी खोकल्याने वाक्य तुटलं, पण मी एकदाही बंद पडलो नाही. शेवटचं वाक्य इस्पितळात जायच्या सकाळी झालं. बाबांनी अंगरखा उसवून त्याची तिच्या खुर्चीला पाठीमागे उशी केली.

आणि आता ती उशी, ती खुर्ची आणि मी, तिघंही वाट बघतो आहोत. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी वारंवार बंद पडत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला भंगारात काढण्याआधी त्याच्या माथ्यावर एकदा हात ठेवून बघा. आणि तुम्ही त्याला प्रेमाने जे घातलं आहे ते त्याला सोसतंय का, हेही बघा.

थांबा! जिन्यात पावलं वाजली.

दार उघडलं. आत्या आली. किती वाळली आहे! गळ्यावर पांढरी पट्टी. छोटीने तिला खुर्चीत बसवलं. बाबा हातात पिशवी घेऊन दारातच उभे, त्यांना आत यायचं सुचत नाही. आत्याने आधी माझ्या माथ्यावर हात ठेवला, क्षणभर थांबली आणि मान हलवली. मग दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. मित्रांनो, मी प्रत्येक अक्षर जिवापाड धरून ठेवलं.

"बाळ," माझ्यातून तिचा आवाज आला, तिचाच, थोडा फाटका, तलावाच्या काठावरचा. "असा बघत काय उभा आहेस? पाय मार, पाय!"

बाबांच्या हातून पिशवी खाली पडली आणि ते एकदम हसत-रडत आत आले. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं. तिच्या आवाजामागे, अगदी हळू, माझी घरघर होती.