तळावरचा ठोका

'प्रस्तुत कलश एका राजघराण्याच्या पदरी असलेल्या कारागिरांच्या अकराव्या पिढीने घडविला असून, वर्षभरात असे केवळ एकवीस कलश घडविले जातात.' जाड पिवळसर कागद, सोनेरी कड, खाली लाखेची मोहर. जळगावात चंपालाल शेठच्या नव्या शोरूममध्ये १९८८ सालच्या कार्तिकात हे प्रमाणपत्र प्रत्येक कलशासोबत मखमली पेटीत घालून दिले जात होते.

या वाक्याची छाननी करायला कोणत्याही दफ्तरखान्यात जावे लागत नाही. राजघराणे नव्हते. मोहर शेजारच्या गल्लीतल्या शिक्केवाल्याने एका दुपारी कोरून दिली होती. अकरा पिढ्यांपैकी दोन सोनगीरला जन्मल्या होत्या, उरलेल्या नऊ छापखान्यात. आणि एकवीस म्हणावे, तर दसरा ते दिवाळी एवढ्यातच एकोणचाळीस कळशा कमलबाईने स्वतः पोत्यात घालून, सोनगीर ते धुळे आणि धुळे ते जळगाव अशा दोन एसट्या बदलून आणल्या होत्या. सगळ्या वाक्यात खरे एवढेच होते की कळशी कोणीतरी घडवली होती.

घडवणारा कमलबाईचा नवरा, अभिमन तांबट. स्टीलची भांडी घरोघर पोचली तशी सोनगीरच्या आळीतली ठोक्यांची लय विरळ होत गेली. अभिमनने अखेर धुळ्याच्या मोडवाल्याला सांगावा धाडला होता: सोमवारी ये, ऐरण, हातोड्या, सगळे तोलून ने. धुळ्यातल्या एका तेलाच्या गिरणीत त्याच्यासाठी पहारेकऱ्याची जागा ठरली होती. बायकोला त्याने एवढेच सांगितले होते, "बठ्ठं मोडमा जाई," आणि ऐरणीवर पोते टाकले होते. आज शुक्रवार. कमलबाईच्या पोत्यातल्या सहा कळशा शेवटच्या होत्या.

दरवेळी ती मागच्या गोदामात माल द्यायची. तिथे छताला मोठा काटा टांगलेला होता. कळशी त्यात पडे, वजनाचा आकडा बोलला जाई, की व्यवहार संपला. आज गोदामाला कुलूप होते, म्हणून ती वळसा घालून पुढच्या काचेच्या दारातून आत गेली.

आत थंडावा होता, पायाखाली गालिचा होता. काटा मात्र कुठेच नव्हता. तिच्या ध्यानात आले ते हेच: जिथे मान द्यायचा असतो तिथे कोणी तोलत नाही. मधल्या कपाटात, लाल मखमलीवर, स्वतःच्या वेगळ्या दिव्याखाली एक कळशी बसली होती, आणि देवळाच्या पायरीशी यावा तसा कमलबाईचा हात वहाणा काढायला खाली गेला. मग तिने ती कळशी ओळखली. स्वतःच्या घरच्या भांड्यापुढे आपण वाकलो, याचा तिला जो राग आला तो तिथून पुढे उतरला नाही.

विक्रेता बन्सीलाल एका गिऱ्हाइकाला कळशी उलटी करून दाखवत होता. गिऱ्हाईक म्हणजे कुसुमलता, एका कापसाच्या जिनिंगवाल्यांची थोरली सून; नणंदेच्या लग्नात द्यायला काही 'वेगळे' शोधत होती. तळाशी मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, गोल रांगा सुबक फिरत आलेल्या आणि अगदी मध्यावर एकच ठोका तिरका, उलट्या अंगाचा. ही राजकारागिराची गुप्त खूण असल्याचे बन्सीलाल गंभीरपणे सांगत होता.

"हाऊ ठोका मना शे," कमलबाई म्हणाली.

बन्सीलालने तिला मागच्या दाराची वाट दाखवली. ती हलली नाही. तिने गालिच्यावरच पोते मोकळे केले आणि सहाही कळशा पालथ्या घातल्या. सहांच्या तळाशी तोच तिरका ठोका. मग तिने सांगितले, की त्यांच्या घरी शेवटचा ठोका पुरुष मारत नाही. तो घरच्या बाईचा. तिने मारल्याशिवाय भांडे उंबरा ओलांडत नाही, कारण पाणी भरायचे बाईला, तर भांड्याला आधी तिचा हात ठाऊक हवा. सासूचा ठोका सरळ असे. कमलबाई डावखुरी, म्हणून हिचा असा.

"मग राजा कोणता?" कुसुमलताने विचारले.

"सोनगीरले किल्ला शे. राजा कोनी नही."

एवढ्यात केबिनमधून चंपालाल शेठ बाहेर आले. चिडण्याइतके ते कच्चे व्यापारी नव्हते. त्यांनी कमलबाईसाठी चहा मागवला आणि आपली बाजू मांडली, ती खेदाची गोष्ट म्हणजे अगदीच निराधार नव्हती. "कमलबाई, सोनगीर एसटीच्या खिडकीतून दिसतं. जे खिडकीतून दिसतं त्याला जळगावात कोण भाव देतं? विचारा यांनाच. सोनगीर लिहिलं असतं, तर या कपाटापाशी थांबल्या असत्या?"

"नसते थांबले," कुसुमलता म्हणाली. मग तिने प्रमाणपत्राची घडी घालून ते काउंटरवर ठेवले. "पण आता राजासाठी थांबलेली नाही. शेठजी, हा कागद राहू द्या, कळशी बांधा. आणि बाई, आणखी पाच हव्यात. शेवटचा ठोका माझ्यासमोर मारायचा. सोमवारी येऊ?"

सोमवारी ऐरण मोडीत जाणार असल्याचे कमलबाईने सांगितले, तेव्हा शेठच्या चेहऱ्यावरचा राजदरबार प्रथमच डळमळला. एकवीसचा आकडा त्यांनी स्वतःच रचला होता. एकही कळशी न मिळण्याचा प्रसंग त्यात धरलेला नव्हता. काय हवे ते सांगा, असे ते म्हणाले. कमलबाईने दोन गोष्टी मागितल्या. आमची कळशी यापुढे काट्यात पडणार नाही, भाव नगावर ठरेल. आणि कागदावर खरे लिहायचे. आत्ता, तुमच्या हाताने, खाली सही.

शेठ बराच वेळ पेनाचे टोपण काढत आणि लावत राहिले. मग त्यांनी तेच प्रमाणपत्र उलटे केले आणि त्याच्या पाठीवर लिहिले.

सोमवारी सकाळी सोनगीरच्या आळीत कुसुमलताची गाडी आणि मोडवाल्याचा टेम्पो पाठोपाठ येऊन उभे राहिले. टेम्पो रिकामा परतला. अभिमनने ऐरणीवरचे पोते बाजूला सारले, कमलबाईने जळगावहून आणलेला कागद उजेडात धरला आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, प्रत्येक शब्दावर थांबत, वाचला:

"ही कळशी सोनगीरचे अभिमन तांबट यांनी घडवली आणि तळाचा ठोका त्यांच्या पत्नी कमलबाई यांचा आहे. राजा कोणीही नव्हता. तो मी रचला. लोकांना थांबवायला गोष्ट लागते हे मला ठाऊक होते. खरी गोष्ट माझ्याच गोदामात महिनोन्महिने येत होती आणि मी ती वजन करून घेत होतो. चंपालाल."